मी कॅरेजवर बसायचो

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी बोलायची गरजच पडली नाही, तिले ठाऊक आहे. पोरांपाशी नाही, नातवांपाशी नाही. ज्याच्या खांद्यावर हात टाकून अर्धी जिंदगी गेली, त्या बळीरामपाशीही नाही — तो बिचारा गेला, तेव्हाही मले मोठा गडी समजूनच गेला. मग तुमच्यापाशी काऊन बोलून राहिलो? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. अनोळखी माणसापाशी जीभ सैल होते. एस्टीत नाही का होत?

मी दुसरीपर्यंत शिकलो. माझं अक्षर म्हणजे चालता बैल मुतला, तशी रेघ. पण दुसऱ्याकडून लिहून घ्याले मन तयार नाही. लबाडी माझी, तर अक्षरही माझंच पाहिजे.

आमचं गाव अमरावतीपासून दीडेक कोसावर, वलगावच्या अंगाले. आता शहर गावाच्या दारात येऊन बसलं आहे. तेव्हा मधात सारी काळी जमीन होती — पराटी म्हणजे कपाशी, तूर, ज्वारी — अन् त्यातून गेलेली एक पांदण, शेताशेतातून बैलबंडी जाईल एवढी वाट. त्या गावातली पहिली सायकल माझी. लोक मले आजही सायकलवालेच म्हणतात. परवा एका तेरवीले गेलो, तर पंगतीत एक जण आपल्या जावयाले सांगून राहिला, "हे पाहा, हे सायकलवाले आजोबा. गावात चक्की नव्हती, तवा साऱ्या गावाचं दळन यायनं सायकलवर वाह्यलं." मी मान डोलवली अन् कढीचा भुरका मारला.

त्या रात्री झोप आली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. झोप चांगली लागली. पण सकाळी उठल्यावर वाटलं — ही मान आणखी किती वर्षं डोलवू?

दळण मी आणलं, हे खरं आहे. रॉकेल आणलं, म्हशींची सरकीची ढेप आणली, कोणाच्या लेकराचं खोकल्याचं औषध, कोणाच्या पोरीच्या लग्नाच्या बांगड्या. जवाहर गेटच्या आतला बांगडीवाला मले पाहिलं की विचारायचा, "आज कोनाची लगीनघाई?" कोणाले नाही म्हणायचं माझ्या रक्तात नव्हतं. बायाबापड्या दारातून हाक मारायच्या — "भाऊजी, शहरात चालले तं एवढं सूप विणून आना, एवढी रॉकेलची चिमनी झाळून आना." मी म्हणायचो, ठेवा कॅरेजवर. छाती अशी फुगायची की सदऱ्याची गुंडी ताणायची.

तर ते सारं खरं आहे. फक्त मले सायकल चालवता येत नव्हती.

हसा. मीही आता हसतो. पण ज्याले चालवता येत नाही त्याच्या घरी सायकल आली कशी, हे ऐकल्याशिवाय पुढचं समजणार नाही. ती रुसून आली.

महाराष्ट्र व्हायच्या थोडं अगोदरची गोष्ट. माझं लग्न अकोल्याले लागलं. तेव्हा आमच्याकडं नवरदेवानं पंगतीत रुसायची चाल होती. पाटावर बसायचं, ताट वाढून झालं की हात मागं घ्यायचा अन् मुंडी खाली घालायची. मग सासऱ्यानं येऊन विचारायचं, जावईबापू, काय पाहिजे? कोणी अंगठी मागे, कोणी घड्याळ. बळीरामनं मले पढवून आणलं होतं — घड्याळ माग, गावात फक्त मास्तराच्या हातात आहे. मीही घड्याळच मागणार होतो. पण मांडवाच्या खांबाले मामाजींची सायकल टेकून उभी होती. मामाजी म्हणजे माझे सासरे. अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, ते कामाले होते अन् रोज त्याच सायकलवर जात. त्या दिवशी त्यांनी ती तेल लावून पुसली होती. तिची घंटी उन्हात अशी चमकली की माझ्या तोंडून निघून गेलं — सायकल.

बळीरामनं माझ्या मांडीले चिमटा काढला. "अबे, तुले येते का?"

"येईल. चूप बस."

मामाजींनी एकदा खांबाकडं पाहिलं अन् म्हणाले, "बरं. जेवा आता, वरन थंडं होऊन राह्यलं."

दुसऱ्या दिवसापासून मामाजी जिनात पायी जाऊ लागले. हे मले तेव्हाच समजाले पाहिजे होतं — समजलं नाही. पण जो गुन्हा मी सांगाले बसलो तो हा नाही. हा त्याच्या शेजारचा.

वरात अकोल्याहून रेल्वेनं बडनेऱ्याले उतरली. गार्डाच्या डब्यातून सायकल निघाली, अन् आमच्याकडच्या साऱ्या मंडळींनी गलका केला — नवरीले डबल सीट घेऊन चल. आता काय करायचं? जीभ मात्र तयार होती. मी म्हटलं, "अंगाची हळद उतरल्याबिगर लोखंडावर बसत नसतात. अपशकुन असते." कोणी सांगितलं होतं असं? कोणीच नाही. तिथंच, फलाटावर, मी तो शकुन जन्माले घातला. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण पुढं आमच्या गावात तीन-चार नवरदेवांनी तो पाळला. एकाच्या आजीनं तर मले दरडावून सांगितलं की हा नेम तिच्या सासऱ्यापासून चालत आला आहे.

नवरी बंडीत बसली अन् मी बंडीच्या बाजूनं सायकल हातात धरून चालत निघालो. ऐटीत. घरी पोचेस्तोवर माझ्या नव्या धोतराले चैनचं वंगण लागून काळा पट्टा झाला होता. नवरी डोक्यावरच्या पदराखालून ते सारं पाहत आली — पण बोलली काही नाही. महिनाभर बोलली नाही.

तिचं नाव कौतिका. महिनाभर मी सायकल घेऊन गावाबाहेर जायचो, पराटीच्या आडोशानं चढायचो अन् पडायचो. एकदा काट्याच्या कुंपणात पडलो, एकदा शेणाच्या उकिरड्यात. उकिरडा बरा. घरी येऊन म्हणायचो, बैल मारकुंडा निघाला. एक दिवस ती माझ्या कोपराले हळद लावता लावता म्हणाली, "आवो, सायकल डावीकून धरतात. चैन उजवीकून असते."

मी म्हटलं, "तुले काय समजते?"

ती हळदच लावत राहिली. मग हळूच म्हणाली, "मले येते."

तिच्या घरी पाच बहिणी, भाऊ नाही. जिनाचा हंगाम संपला की ते मोठं अंगण ओसाड पडायचं, अन् मामाजी रविवारी तिले तिथं सोडायचे. आधी दांडीखालून पाय घालून, कैचीत. मग सीटवर. नऊवारीचा काष्टा मारला की दांडीवरून पाय टाकाले काही अडचण नसते — हे मले तिनं सांगितलं, नाहीतर मी कशाले त्याचा विचार केला असता? म्हणजे पाहा, मी पंगतीत रुसून जी सायकल आणली, ती तिचीच होती. मी ती तिच्या बापाकडून हट्टानं घेतली अन् तिच्याच घरी आणून उभी केली.

तिनं मले शिकवाले पाहिलं. इमानानं पाहिलं. मागून सीट धरायची, म्हणायची, "खाली नोका पाहू, समोर पाहा." पण बायकोनं मागून धरलं आहे, हे मनात आलं की मले खालीच पाहावंसं वाटे. आठ दिवसांत मी म्हटलं, बस. माझ्या जातकुळीले हे चाक धार्जिणं नाही.

मग आमचं ते ठरलं. कोण बोललं आधी, आठवत नाही. गावातून मी सायकल ढकलत निघायचो, कॅरेजवर लोकांचे डबे-पिशव्या, मागून टोपली घेऊन कौतिका. बाजाराले चाललेलं नवरा-बायकोचं जोडपं. कोणी म्हटलं, "बसत काऊन नाही?" तर मी म्हणायचो, गावात धूळ उडते, लेकरं आडवी येतात. पांदणीले लागलो, दोन्हीकडून तुरी वर आल्या, की ती काष्टा खोचायची अन् सीटवर बसायची. मी मागं कॅरेजवर, मांडीवर ज्वारीचा डबा, डोक्यावर टोपली. अशी आमची स्वारी. पक्की सडक यायच्या अगोदर एक बाभूळ होती, तिथं उतरायचं. पुढं अमरावतीत पुन्हा मी ढकलणार — राजकमल चौकातून, भर गर्दीतून, पायाले क्लिप लावून. क्लिप मी कधी विसरलो नाही. सायकलवर न बसणाऱ्या माणसाच्या धोतराले क्लिप कशाले, हे एवढ्या वर्षांत एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

त्या पांदणीतली वर्षं माझ्या जिंदगीतली लय चांगली वर्षं होती. हे का लिहू नये? तिची पाठ माझ्यासमोर, वाऱ्यानं पदर फडफडून माझ्या तोंडावर यायचा. चढ आला की ती म्हणायची, "जरा हल्के बसा." आता माणूस हल्का कसा बसेल? तरी मी श्वास धरून बसायचो. एकदा ढेपीचं पोतं घेऊन आमी दोघं चिखलात लोळलो, अन् ती हसून हसून उठेचना. मी रागावलो होतो, पण तिच्याकडं पाहून मीही हसलो. म्हैस त्या दिवशी चिखलाची ढेप खाऊन झोपली.

एकदा मात्र संपत बकरीवाल्यानं पाहिलं. त्यानं पारावर येऊन सांगितलं की कौतिकाबाई पुढं बसून चालवते अन् हा पोतं होऊन मागं बसते. संपत तसा गप्पा हाणण्यात मशहूर होता. त्याच्या बकरीनं वाघ हुसकावला, असं तो सांगायचा. मी म्हटलं, "आता वाघ सोडून माह्या बायकोच्या मागं लागला का बे?" सारा पार हसला. संपत एकटा हसला नाही, कारण तो त्या दिवशी — कदाचित जिंदगीत पहिल्यांदाच — खरं बोलत होता. हेही माझ्याच खात्यावर.

अजून मूळ गोष्ट आली नाही, नाही का? मीच लांबवून राहिलो.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर गावोगाव सरकारी माणसं हिंडू लागली. आमच्या गावी एक अधिकारी बाई येणार, असं सरपंचानं सांगितलं. बाईले एक शिकलेली बाई पाहिजे होती — चौथी पास. त्या चौथी पास बाईनं आजूबाजूच्या सात-आठ गावांत जायचं, बायांना बाळंतपणातली काळजी, लेकरांचं खाणं-पिणं, शिवण-टिपण सांगायचं. नोकरी सरकारी. पण अट अशी की तिले सायकल आली पाहिजे, कारण पांदणीनं जीप जात नाही अन् पायी जाणारी एका दिवसात किती गावं करणार?

कौतिका अकोल्याले चौथी पास झाली होती. अन् सायकल — तिच्यासारखी सायकल साऱ्या तालुक्यात कोणत्या बाईले येत होती?

त्या आठवड्यात ती वेगळीच होती. पांदणीत मले उतरवून द्यायची अन् एकटी चकरा मारायची. एका हातानं छत्री धरून चालवून पाहिली. जणू उद्या ढगफुटीतच कामाले जायचं आहे. मी बांधावर बसून शेंगा खात पाहायचो. अन् बाई यायच्या आदल्या दिवशी, बाभळीजवळ, तिनं सायकल उभी केली अन् म्हणाली, "माणसाइच्या बैठकीत मी बोलनार नाई. बाईनं इचारलं तं तुमी हो म्हना. एवढंच करा. बाकी मी चालवून दाखवीन."

मी म्हटलं, "पाहू."

तिनं त्या 'पाहू'चा अर्थ हो असा घेतला. मी तो काय अर्थानं म्हटला होता? खरं सांगू, तेव्हा मलेही ठाऊक नव्हतं.

बाई आली. पांढरं पातळ, पायात चपला, बोलणं पुण्याकडचं. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकली होती. पुरुष समोर, बाया लिंबाखाली. बाईनं अट सांगितली अन् सारे हसले. कोणी म्हणे, "बाई, आमच्या बाया बंडीत बसाले डोये मिटतात." बाईही हसली. मग तिनं विचारलं, गावात सायकल कोणाकडं आहे? अन् पन्नास बोटं माझ्याकडं वळली. बळीराम तर उठून उभा राहिला. "हे आमचे सायकलवाले. सारं गाव याच्या चाकावर चालते."

बाईनं मले नमस्कार केला. बाईमाणसानं, शिकलेल्या, असा उभ्यानं नमस्कार मले तोवर केला नव्हता. तिनं विचारलं, "मग तुमच्या मंडळींना येते का सायकल?"

मी लिंबाकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. ती कुठं उभी आहे ते मले पाठीनं कळत होतं, पांदणीत तिच्या पाठीमागं बसून जेवढी ती कळली होती, त्यापेक्षाही जास्त.

माझ्या मनात काय आलं सांगू? मी हो म्हटलं तर ती काष्टा मारेल, सीटवर बसेल, पाराले गोल चक्कर मारेल. गाव पाहील. मग कोणीतरी म्हणेल, सायकलवाले, आता तुमी दाखवा. भेव त्याचं होतं, हे खरं. पण तेवढंच असतं, तर मी पायाले लचक भरली म्हणून सांगितलं असतं. खोटं बोलण्यात मी कधी मागं नव्हतो, हे तुमी पाहिलंच. तेवढंच नव्हतं. माझ्या बायकोले माझ्यापेक्षा उंच बसलेलं गावानं पाहावं — हे मले नको होतं. पांदणीत चालत होतं, पारावर नाही.

मी म्हटलं, "नाही जी. आमच्या घरच्या बाया सायकलले हात लावत नाहीत."

"बरोबर आहे," कोणीतरी म्हटलं. बाईनं मान हालवली, चहा घेतला, जीप गेली. मिटलं.

घरी कौतिकानं ज्वारीची भाकर केली, वांग्याची भाजी केली, मले वाढलं. भांडली असती तर बरं झालं असतं — मी भांडणात हरत नाही. ती भांडलीच नाही. दुसऱ्या दिवशी दळणाचे डबे बांधून आमी निघालो. पांदण लागली. मी सायकल तिच्याकडं केली. तिनं हात पुढं केला नाही.

"चालव ना," मी म्हटलं.

"तुमी म्हनलं नाई येत," ती म्हणाली. "मंग नाई येत."

रागानं नाही म्हणाली. बाजारभाव सांगावा तसं म्हणाली, अन् टोपली डोक्यावर घेऊन पुढं चालू लागली. मी मले लय हट्टी समजत होतो. त्या दिवशी समजलं की हट्ट कशाले म्हणतात. त्या दिवसापासून ती सायकलवर बसली नाही. आजपर्यंत नाही.

अन् मी? मले वाटलं, चार दिवस रुसेल. रुसण्यातलं मले कळत होतं ना. मग चारचे आठ झाले, अन् मी साऱ्या गावाचं दळण दीड कोस ढकलत नेलं अन् दीड कोस ढकलत आणलं. वर्षानुवर्षं. पाण्यापावसात, उन्हातान्हात. कोणाले नाही म्हणता येईना, अन् चढता येईना. नुसतं पायी गेलो असतो तर अर्ध्या कष्टात झालं असतं, सायकल उलट जड. पण सायकलवाले पायी कसे जातील? सांगा. वाटेत कोणी भेटला की विचारायचा, "काय, पंक्चर?" मी म्हणायचो, पंक्चर. अमरावती जिल्ह्यात माझ्याएवढे पंक्चर कोणाचे झाले नसतील. गावात चक्की बसली तेव्हा साऱ्यांनी नारळ फोडला. मी मनातल्या मनात दोन फोडले.

नोकरी शेजारच्या गावच्या एका पोरीले लागली. तिलेही सायकल येत नव्हती, पण तिच्या बापानं म्हटलं होतं, शिकेल. ती शिकली. पडत झडत, गुडघे फोडून घेऊन, पण शिकली. आठवड्यातून एकदा आमच्या गावी यायची, अन् आमच्याच ओसरीवर बायांना जमवायची. कौतिका तिले चहा द्यायची. पोर चांगली होती, हसरी. एकदा ती निघाली तर तिची चैन उतरलेली. ती गोंधळून इकडं तिकडं पाहू लागली. साऱ्या बाया माझ्याकडं पाहू लागल्या — सायकलवाले घरातच आहेत म्हणून. मी आतून ओरडलो, "थांब, कंदील पुसून राह्यलो, येतो." भर दुपारी. मी आतच थांबलो, दाराच्या फटीतून पाहत.

कौतिकानं पदर खोचला, खाली बसली, मागचं चाक जरा उचललं, चैन खालून दातांवर लावली अन् पायडल एकदा फिरवलं. झालं. पोर म्हणाली, "मावशी, तुमाले येते का सायकल?"

कौतिकानं काळे झालेले हात मातीनं पुसले. म्हणाली, "नाई व माय. आमच्या घरच्या बाया हात लावत नाईत."

पोर हसली अन् घंटी वाजवत निघून गेली. कौतिका ती वळणाआड जाईस्तोवर उभी राहून पाहत होती. मी दाराच्या मागं होतो. बाहेर येऊन साऱ्या बायांसमोर एक शब्द बोललो असतो, तर तेव्हाही उशीर झाला नव्हता — पोरगी दोनच गावं करत होती, पाच गावं मोकळी होती, दुसरी बाई पाहिजेच होती, हे तिनं ओसरीवर बसूनच सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. कौतिकानंही ऐकलं होतं.

मी कंदील पुसत राहिलो.